तीन टेस्ट ड्राइव्ह आणि एक डायरी

आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक डायरी असते. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटरचा आकडा आणि किती लिटर, एवढं लिहायचं. ही सवय मला बाबांनी लावली. नवी गाडी घ्यायची असं घरात ठरलं त्या रात्री मी ती डायरी पहिल्यांदाच सलग वाचून काढली. 11 वर्षं, 99,000 किलोमीटर. म्हणजे वर्षाला 9,000. त्यातले निम्मे, साधारण 4,400, माझ्या ऑफिसला जाण्यायेण्याचे. लांबच्या प्रवासाच्या नोंदीपुढे मी ‘चौघं, सामान’ असं लिहायचे. अशा नोंदी वर्षाला पाच, फार तर सहा निघाल्या.

तोपर्यंत जो तो सांगत होता की आता घेताय तर मोठीच घ्या. डायरी मिटली तेव्हा माझं मन कॉम्पॅक्ट गाडीवर पक्कं झालेलं होतं. वर्षातल्या सहा प्रवासांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस मोठी गाडी अरुंद गल्लीतून काढायची आणि पार्किंगमध्ये बसवायची, हे मला पटेना. लहान गाडीत माणसं नीट बसू शकतात हे तर 1959 सालीच सिद्ध झालं आहे. ब्रिटिश अभियंते ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी ही लहान गाडी केली तेव्हा इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली घेतला, चाकं 10 इंचांची ठेवली आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीतली सुमारे 80 टक्के जागा माणसांना आणि सामानाला दिली. आजच्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये इंजिन तसंच आडवं असतं. त्यामुळे प्रश्न लांबीचा नव्हताच. आतली जागा कुणाच्या अंगाला धरून आखली आहे, हे बघायचं होतं.

पहिली टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सोयीने झाली. सगळ्यात वरचं व्हेरियंट, चकचकीत धुतलेलं, एसी आधीच गार केलेला, गाणी चालू. ‘मॅडम, इथून सरळ, पुढच्या चौकातून वळून परत,’ असं विक्री प्रतिनिधींनी सांगितलं. गुळगुळीत रस्ता, दहा मिनिटं. गाडी छानच वाटली, आणि छान वाटण्यापलीकडे मला काहीच कळलं नाही. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, ‘मी अजून अर्धा तास उभ्या गाडीत बसले तर चालेल का?’ त्यांना नवल वाटलं, पण ते हो म्हणाले. त्या अर्ध्या तासात मला जे समजलं ते आधीच्या दहा मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

माझी उंची 154 सेंटिमीटर आहे. क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून मला सीट पुढे घ्यावी लागते, आणि सीट पुढे घेतली की स्टिअरिंग छातीशी येतं. आजवर मी हे गृहीतच धरलं होतं. पण एअरबॅग फुगायला जागा लागते. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवावं, असं अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था सांगते. मी पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि नवऱ्याला मोजायला लावलं. स्टिअरिंग आत ढकलून, थोडं खाली करून 26 सेंटिमीटर. मग मी बेसिक व्हेरियंट बघायला मागितलं. यार्डात एक उभं होतं. त्यात स्टिअरिंग फक्त वरखाली होत होतं, पुढेमागे नाही, आणि सीटची उंचीही बदलता येत नव्हती. तिथे अंतर भरलं 22. बॉनेटची कडही दिसत नव्हती. सेंटिमीटर चारच, पण अपघातात तेच चार माझे असणार होते. बेसिक व्हेरियंट त्याच जागी यादीतून गेलं. किमतीच्या तक्त्यात ही गोष्ट ‘टिल्ट आणि टेलिस्कोपिक’ अशा दोन शब्दांत, स्क्रीनच्या आकाराच्याही खाली लिहिलेली होती.

सीटच्या पट्ट्याचंही तसंच. निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये व्होल्वोसाठी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या उत्पादकांना खुलं केलं. पण तो पट्टा खांद्याच्या हाडावरून गेला तरच नीट काम करतो. मानेवर घासायला लागला की माणूस तो नकळत बगलेखाली घेतो, आणि मग तो असून नसल्यासारखाच. या गाडीत दाराच्या खांबावरची पट्ट्याची कडी वरखाली करता येत होती. मी ती सगळ्यात खालच्या खाचेत आणली आणि पट्टा बरोबर हाडावर बसला. अशा गोष्टी रस्त्यावर गाडी पळवून कळत नाहीत, उभ्या गाडीतच बघाव्या लागतात.

घरी येऊन माहितीपत्रक वाचायला घेतलं. त्यातले तारे, लिटर आणि इंच यांची मला जरा फोड करावीशी वाटली. सुरक्षेच्या ताऱ्यांपुढे साल आहे का ते बघावं. गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे पहिले निकाल 1997 मध्ये आले. तेव्हापासून चाचण्या दर काही वर्षांनी कडक होत गेल्या आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नव्हेत. शिवाय समोरून धडकेचा निकाल साधारण त्याच वजनाच्या गाड्यांमध्येच तुलनेला धरायचा असतो. लहान गाडीचे पाच तारे म्हणजे दुप्पट वजनाच्या गाडीशी टक्कर झाली तरी तेवढंच संरक्षण, असं होत नाही. म्हणूनच धडक होऊ न देणारी साधनं मला जास्त मोलाची वाटतात. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी ईएससी ही यंत्रणा 1995 मध्ये मर्सिडीजच्या महागड्या कूपेत आली. आज ती लहान गाडीत मिळते. ती ज्या व्हेरियंटमध्ये नाही ते मी घेणार नव्हते. सुदैवाने इथे ती सगळ्याच व्हेरियंटमध्ये होती.

डिकीचे लिटर मोजण्याची पद्धत तर वाचण्यासारखी आहे. 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि मोजतात. कोपऱ्याकोपऱ्यात ठोकळे बसतात, पण आईचा वॉकर बसत नाही. तो घडी करूनही रुंद राहतो. दुसऱ्या वेळी आम्ही वॉकर सोबत नेला. तो आडवा गेला, पण डिकीचा काठ माझ्या मांडीच्याही वर होता. तेवढा उचलून मग आत खाली ठेवायचा, हे रोज करायचं असेल तर कमरेचा विचार करायला हवा. आम्हाला आठवड्यातून एकदा करायचं आहे, म्हणून चालवून घेतलं.

दुसरी टेस्ट ड्राइव्ह मात्र मी माझ्या अटींवर मागितली. आमच्या घरापासून, आमच्या रस्त्याने, आईसकट चौघं, आणि गाणी बंद. रविवारी सकाळी गाडी दारात आली. निघण्याआधी मी माझ्या मीटरने टायरची हवा बघितली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 पीएसआय लिहिलेलं, टायरमध्ये 41. ट्रकवरून ने-आण होताना आणि यार्डात अनेक दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर तळाशी चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतात. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत ती कमी करायला हवी, आणि ती कुणी केलेली नव्हती. म्हणजे आजवर जितक्या जणांनी ही गाडी चालवून ‘सस्पेन्शन कडक आहे’ म्हटलं असेल, त्यांनी निम्मा दोष हवेला द्यायला हवा होता. हवा 33 वर आणून आम्ही निघालो.

आधी आईचं बसणं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. घरातल्या ज्या खुर्चीवरून ती हाताचा आधार न घेता उठते, ती मी मोजून ठेवली होती: 50 सेंटिमीटर. गाडीची पुढची सीट 52 भरली, म्हणजे उंचीची चिंता नव्हती. पण आईला मागे बसायचं होतं. ती आधी पाठमोरी टेकली, मग एक पाय आत घेतला, आणि दुसरा पाय आत घेताना बुटाचं टोक पुढच्या सीटचा तळ आणि दाराचा खांब यांच्या मधल्या फटीत अडकलं. तिने पाय मागे घेतला, घोटा वाकवला, पुन्हा आत नेला. पुन्हा अडकला. दार पूर्ण उघडं होतं, तरी जागा तळहाताएवढीच. तिसऱ्यांदा तिने हाताने गुडघा उचलून पाय तिरका आत घेतला. ‘आई, दुखलं का?’ ‘नाही गं, पण दरवेळी असं करायचं का?’ एवढंच म्हणाली. तिला उतरवून पुढे बसवलं. पुढचं दार मोठं, उंबरा कमी उंच, वर धरायला हँडल. पहिल्या झटक्यात बसली. मागच्या सीटवर पुढच्याहून जास्त ऐसपैस गुडघे राहतात असं माहितीपत्रकात सेंटिमीटरसकट लिहिलं होतं. तो आकडा खरा होता, पण बसल्यानंतरचा. आत जाण्याचा आकडा कुणी देत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शंभरेक मीटरचा उखडलेला पट्टा आहे. तिथे आईने वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. हवा बरोबर होती, तरी प्रत्येक खड्ड्याचा टोला वर येत होता. खड्डा मोठा असला की गाडी तो पचवायची, पण बारीक बारीक खडबड थेट सीटमध्ये जाणवायची. मी आईच्या बोटांकडे बघत होते. त्यांचा रंग पांढरा झाला होता.

त्याचं कारण टायरवरच लिहिलेलं होतं. वरच्या व्हेरियंटला 195/55 आर 16 आणि मधल्याला 185/65 आर 15. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. 195 चे 55 टक्के म्हणजे 107 मिलिमीटर. 185 चे 65 टक्के म्हणजे 120. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारखीच, सुमारे 62 सेंटिमीटर व्यासाची, पण लहान रिमच्या चाकात रबराची भिंत 13 मिलिमीटर जास्त. धक्का आधी तीच झेलते. म्हणजे मोठ्या रिमसाठी जास्त पैसे मोजून आम्ही आईच्या गुडघ्यापुढची गादी कमी करून घेणार होतो. वळणावर रुंद टायर जास्त घट्ट धरतात, ते मला जाणवलंही. ज्यांना ते हवं त्यांनी जरूर घ्यावेत. आमचा रस्ता वेगळा आहे.

मग चढ. ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारा रॅम्प ही माझी रोजची परीक्षा. पुढची गाडी अडली की अर्ध्या चढावर थांबायचं, हँडब्रेक, हाफ क्लच, मागचा हॉर्न. या गाडीत दोन इंजिनं मिळतात, दोन्ही तीन सिलिंडरची. एक 1.2 लिटरचं साधं, मॅन्युअल गिअरचं. दुसरं 1 लिटरचं टर्बो, सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेलं ऑटोमॅटिक. साध्या इंजिनाचा सगळा जोर मिनिटाला 4,000 फेऱ्यांच्या पुढे, टर्बोचा 1,800 पासूनच. चौघं आणि एसी घेऊन रॅम्पवर साधं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरलं, पहिला टाकावाच लागला. टर्बोने मात्र ब्रेकवरून पाय काढल्यावर हिल होल्डमुळे क्षणभर जागा धरली आणि मग शांतपणे वर नेलं. सीव्हीटीबद्दल जी तक्रार ऐकली होती तीही खरी निघाली. महामार्गावर एकदम ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग सावकाश मागून येतो. दोनदा ओव्हरटेक करताना मला तो विलंब टोचला. तिसऱ्यांदा मी आधीच थोडा दाब देऊन ठेवला आणि जमलं.

तीन सिलिंडरच्या कंपाबद्दलही सांगायला हवं. चार सिलिंडरच्या इंजिनात दांडा दर 180 अंश फिरला की एक ठिणगी पडते, तीनमध्ये दर 240 अंशांना. शिवाय दोन टोकांचे पिस्टन एकमेकांना पुरते तोलत नाहीत, त्यामुळे इंजिन मंद गतीवर किंचित डोलतं. सिग्नलला थांबल्यावर मी तळहात दाराच्या पॅडवर ठेवला. बारीक थरथर होती. गाडी निघाली की ती नाहीशी व्हायची. गाणी चालू असती तर ती मला कधीच कळली नसती, म्हणून ती बंद करायला सांगितली होती. वीस मिनिटांनी मी ती विसरले. विसरता येते का हे बघणंही चाचणीचाच भाग होता.

एका गोष्टीवर मात्र माझा राग अजून गेलेला नाही. वरच्या व्हेरियंटमध्ये एसीचा पंखा आणि तापमान स्क्रीनमध्ये शिरून बदलावं लागत होतं. काच धुरकटली, मी हात पुढे केला, आणि कुठलं चित्र दाबायचं हे बघताना नजर रस्त्यावरून किती वेळ गेली ते मागे बसलेल्या नवऱ्याने मोजलं: तीन सेकंद. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात 50 मीटर पुढे जाते. मधल्या व्हेरियंटला गोल फिरवायची साधी बटणं होती. स्वस्त म्हणून दिलेली ती बटणं मला महाग स्क्रीनपेक्षा मौल्यवान वाटतात, आणि हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

आता पैशांचा हिशोब. इथेही डायरीच कामाला आली. मी सगळे फरक पेट्रोलच्या लिटरमध्ये बदलून घेतले, म्हणजे मनाला अंदाज येतो. या गाड्या वापरणाऱ्या ओळखीच्या तिघांकडून टाकी फुल ते टाकी फुल असा खरा हिशोब मागवला. साध्या मॅन्युअलचा लिटरला 18, टर्बो ऑटोमॅटिकचा 16, आणि त्याच कंपनीच्या, पेट्रोलला विजेच्या मोटरची जोड असलेल्या हायब्रिडचा 24. माझ्या वर्षाच्या 9,000 किलोमीटरला मॅन्युअल 500 लिटर पिणार, टर्बो 562, हायब्रिड 375. टर्बोपेक्षा हायब्रिड वर्षाला 187 लिटर वाचवणार. पण दोघांच्या किमतीतला फरक 2,500 लिटर पेट्रोलएवढा भरत होता. तो वसूल व्हायला 13 वर्षं. वर्षाला 30,000 किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला हाच फरक चार वर्षांत सुटेल, त्याने हायब्रिडच घ्यावी. आम्ही ती सोडली, जरा हळहळत, कारण तिची शांतता मला फार आवडली होती.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हा हिशोब एवढा सरळ नव्हता. किमतीचा फरक 1,500 लिटरचा, वर दहा वर्षांचं जास्तीचं पेट्रोल 620 लिटर. एकूण दोन हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ चार वर्षांचं पेट्रोल फक्त क्लच दाबायचा नाही म्हणून. नवरा म्हणाला, ‘तू रोज चालवतेस, तूच ठरव.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी क्लच मोजला. 11 किलोमीटरमध्ये 140 वेळा. जाऊन येऊन 280, वर्षाचे 200 दिवस धरले तर 56,000 वेळा. आईच्या गुडघ्यांकडे रोज बघणारी मी, माझ्या गुडघ्याचा हा आकडा बाजूला ठेवू शकले नाही. ऑटोमॅटिक ठरलं.

व्हेरियंटचा प्रश्न जुन्या गाडीनेच सोडवला. ती आम्ही सगळ्यात वरचं व्हेरियंट म्हणून हौसेने घेतली होती. आता विकायला काढली तेव्हा तीन ठिकाणी भाव विचारला. तिघांनीही साल विचारलं, किलोमीटर विचारले, सर्व्हिसचे कागद बघितले. व्हेरियंटचा फरक त्यांच्या भावात जवळजवळ उतरलाच नाही. सुरुवातीला मोजलेली ती जास्तीची रक्कम तिथे संपलेली होती. त्या बदल्यात मिळालेलं सनरूफ डायरीच्या 11 वर्षांत कितीदा उघडलं असेल याचा विचार केला, आणि मधल्या व्हेरियंटवर आमचं एकमत झालं.

तरीही मधलं व्हेरियंट न चालवता घेणार नव्हते. शोरूमकडे ते नव्हतं, दुसऱ्या शाखेतून मागवायला चार दिवस गेले. ही तिसरी फेरी मी मुद्दाम रात्री घेतली, कारण इथे हेडलाइट एलईडी नाहीत, हॅलोजन आहेत. उजेड पिवळट आणि थोडा आखूड पडतो. अंधाऱ्या रस्त्यावर मला वेग कमी करावा लागला. ही या व्हेरियंटची खरी उणीव आहे. रात्रीचा लांबचा प्रवास आमचा क्वचित, म्हणून ती पत्करली, पण पत्करली आहे हे लक्षात ठेवून.

गाडी ताब्यात घेताना टायरच्या बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे बघितले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चारही टायर एकाच महिन्यातले निघाले, स्टेपनी थोडी आधीची. हवा पुन्हा 40 च्या वर होती. ती 33 वर आणायला लावली आणि मगच चावी घेतली.

आईला घ्यायला घरी आले. ती पुढे बसली, पट्टा लावला, मावशीला फोन लावला. गल्लीच्या तोंडाशी तो उखडलेला पट्टा आला. मी वेग कमी केला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. वरचं हँडल रिकामं होतं. एका हातात फोन, दुसरा हात मांडीवर. ती मावशीला सांगत होती की हो, निघालोय, अर्ध्या तासात पोहोचतो.